मार्तंडाचं चूलबंद आवतण

एका गावात मार्तंड नावाचा एक भोळा माणूस होता. वय पस्तीस, मिशी दाट, आणि सांगितलेलं कधी विसरायचा नाही. खोट एवढीच, की सांगितलेलं तो जिथं करायचं तिथं करीच, आणि जिथं करायचं नाही तिथंही करी.

तालुक्याला सहा महिने क्लास लावून तो वेबपान बनवायला शिकला होता. परत आल्यावर त्यानं गावासाठी एक पान बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'आवतण'. पूर्वी गावात लग्नकार्य निघालं की गुरव अक्षता घेऊन दारोदार फिरायचा. पुढं गुरवाचे गुडघे गेले, त्याचा मुलगा कारखान्यात लागला, आणि आवतण द्यायला माणूस उरला नाही. म्हणून हे पान. त्यावर गावाची एक मोठी चौकट होती. तिच्या आत आळ्यांच्या चौकटी, आळीच्या आत घरांच्या, आणि घराच्या आत एकेका माणसाची. ज्याला बोलवायचं त्याच्या नावावर बोट ठेवायचं, की निरोप त्याच्या फोनवर. नदीपलीकडच्या गावाशी सोयरिकी पुष्कळ, म्हणून मार्तंडानं तेही गाव पानात घेतलं होतं.

त्याच्या भावकीतल्या अनसूयाबाईंच्या मुलीचं, वैजूचं, लग्न ठरलं. बाईंनी मार्तंडाला बोलावून समोर बसवलं.

"मार्तंडा, या लग्नात मला एकच गोष्ट पाहिजे," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ आला पाहिजे."

भावाचं नाव हिंदुराव. राहायला नदीपलीकडे. अकरा वर्षांपूर्वी बाईंचे यजमान गेले तेव्हा तेराव्याला आवतण गेलं ते 'घरटी एक', म्हणजे प्रत्येक घरातून एकच माणूस जेवायला. सगळ्यांना गेलं तसं ते सख्ख्या भावालाही गेलं. त्याला जायला हवं होतं 'चूलबंद'. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेकराबाळांपर्यंत सगळ्यांनी यायचं. पण त्या घरात त्या दिवसांत कुणाच्या काय लक्षात राहणार. हिंदुराव एकटे आले, पंगतीत बसले, जेवले, हात धुतला, आणि त्यानंतर त्यांनी नदी ओलांडली नाही. भाचीच्या लग्नाचं कळल्यावर त्यांनी एवढंच कळवलं होतं, "आवतण येऊ दे. कसलं येतंय ते बघू, मग ठरवू."

"पोरीला बोहल्यावर आणायला मामा लागतो," बाई म्हणाल्या. "बाप नाही. निदान मामा तरी असू दे."

मार्तंडानं मान डोलावली.

वैजू पुण्यात असलीच पानं बनवायच्या नोकरीत होती. रजा घेऊन आल्यावर ती म्हणाली, "आई, आवतणं मीच धाडते की."

"नवरीनं आपल्याच लग्नाची आवतणं धाडायची नसतात," बाई म्हणाल्या. "तू त्याला नुसतं सांग. तो करील."

मार्तंडानं दुकानातून एक दोनशे पानी वही आणली.

पहिलं कार्य होतं हळकुंड फोडायचं. त्याला पाच सवाष्णी लागतात. मार्तंडानं पाच नावांवर पाचदा बोट ठेवलं. 'उद्या सकाळी नऊला हळकुंड फोडायला यावे.'

सकाळी नऊला दीडशे बायका आल्या. त्यांच्या मागं पुरुष आले. सगळ्यांत शेवटी निवृत्त बाबू मास्तर आले, ते आपलं मुसळ घेऊनच.

"मास्तर, तुम्ही?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"निरोप आहे," मास्तरांनी फोन दाखवला. "एकदा आला असता तर चूक झाली म्हटलं असतं. पाच वेळा आला. म्हटलं, निकड दिसतेय."

हळकुंडं पाच होती. आलेल्याला परत धाडायचं कसं, म्हणून प्रत्येकानं एकेक घाव घातला. मास्तरांची पाळी आली तेव्हा उखळात हळद नव्हती, उखळाचाच थोडा भाग निघाला होता. बाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

वैजूनं मार्तंडाला ओसरीवर बोलावलं.

"मार्तंडदादा, तू प्रत्येक चौकटीला कान लावलायस. हो ना?"

"हो. बोट पडलं की तिला कळायला नको?"

"कळायला पाहिजे. पण माणसाची चौकट घराच्या आत आहे. माणसावर पडलेलं बोट घरावरही पडतं, आळीवरही पडतं, गावावरही पडतं. आधी माणसाचा कान ऐकतो, मग घराचा, मग आळीचा, मग गावाचा. पाण्यातल्या बुडबुड्यासारखा निरोप आपोआप वर जातो. आणि तुझा प्रत्येक कान ऐकलं की आपापल्या माणसांना कळवत सुटतो."

"मग आता?"

"वर जाऊ द्यायचा नसेल तर माणसाच्या चौकटीतच एक ओळ टाकायची. स्टॉप प्रोपगेशन. निरोप तिथल्या तिथं थांबवायचा."

मार्तंडानं वहीत लिहिलं, 'निरोप तिथल्या तिथं थांबवायचा.' आणि गावातल्या, नदीपलीकडच्या, सगळ्या माणसांच्या चौकटींत ती ओळ टाकली. पान सुधारलं. मार्तंडाला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो एसटी स्टँडवर उभा असताना नवऱ्या मुलाचा चुलता भेटला.

"बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "अनसूयाबाईंना सांगा, गुरुवारी दहाला व्याही मंडळी येतायत. आमच्याकडच्या माणसांची यादी द्यायला."

मार्तंडानं नीट ऐकून घेतलं. वहीत बघितलं. आणि निरोप तिथल्या तिथं थांबवला.

गुरुवारी दहाला व्याही आले, सोबत सहा जण. अनसूयाबाई पदर खोचून अंगण सारवत होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाचे. व्याह्यांनी नमस्कार केला. बाईंना नमस्कार करता येईना.

"निरोप नव्हता मिळाला?" व्याही म्हणाले.

"नाही."

"मला मिळाला होता," मार्तंड म्हणाला.

"मग?"

"तिथल्या तिथं थांबवला."

बाईंनी मंडळींना ओसरीवर बसवलं, हात धुतले, चहा टाकला. वैजू मार्तंडाच्या कानाशी म्हणाली, "दादा, जिवंत माणसाचा निरोप थांबवायचा नसतो. जा, आता निदान यादी लिहून घे."

मार्तंड फोन उघडून बसला. पानावर पाहुण्यांच्या नावांचा एक फॉर्म होता. व्याही एकेक नाव सांगत गेले, मार्तंड भरत गेला. साठ नावं झाली. त्यानं 'जमा करा' हे बटण दाबलं. पान पांढरं झालं, पुन्हा उघडलं, आणि फॉर्म कोरा.

"परत सांगा," मार्तंड म्हणाला.

व्याह्यांनी परत सांगितली. परत कोरा. तिसऱ्या खेपेला व्याही नवऱ्या मुलाचंच नाव विसरले. मुलगा शेजारी बसला होता, त्यानं आठवण करून दिली.

वैजूनं चहाचा कप खाली ठेवला. "दादा, फॉर्मचं बटण दाबलं की ब्राउझर आपल्या सवयीनं फॉर्म पाठवतो आणि पान नव्यानं उघडतो. ती त्याची नेहमीची चाल. ती नको असेल तर त्याला आधीच सांगायचं, बाबा, तू तुझं नेहमीचं करू नको, मी सांगतो ते कर. त्या ओळीला म्हणतात प्रिव्हेंट डिफॉल्ट."

मार्तंडानं लिहिलं, 'नेहमीचं करू द्यायचं नाही.' फॉर्ममध्ये ओळ टाकली. चौथ्या खेपेला साठच्या साठ नावं जागेवर राहिली. व्याही पाणी पिऊन गेले.

दोन दिवसांनी देवक आणायचं होतं. मारुतीच्या देवळापासून घरापर्यंत वाजतगाजत आणायचं. लव्हाजी सनईवाला आपला ताफा घेऊन देवळापाशी आला, सनई ओठाला लावली. तेवढ्यात मार्तंड पुढं झाला.

"लव्हाजी, आज काय करणार?"

"काय म्हणजे? वाजवणार. नेहमीचंच."

"नेहमीचं करायचं नाही."

लव्हाजीनं सनई खाली घेतली. "मग काय करू?"

मार्तंडानं वही उलटीपालटी केली. "ते यात नाही," तो म्हणाला. "पण नेहमीचं नको."

मिरवणूक निघाली. पुढं लव्हाजी, सनई छातीशी धरून. त्याच्या मागं हलगीवाला, काठ्या काखेत. मागं देवक, मागं बायका. कुणी बोलेना. जिथं वाजायचं तिथं वाजत नाही म्हटल्यावर बोलायचं काय. रस्त्याच्या कडेला पारावर बसलेली माणसं उठली, त्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या. एक म्हातारा पुढं येऊन अनसूयाबाईंना म्हणाला, "कधी झालं, बाई?"

"अजून व्हायचंय," बाई म्हणाल्या. "मंगळवारी. लग्न आहे."

म्हाताऱ्यानं टोपी परत घातली.

घरी आल्यावर वैजूनं लव्हाजीला विचारलं. लव्हाजीनं मार्तंडाकडं बोट दाखवलं. मार्तंडानं वही दाखवली.

"दादा, नेहमीचं थांबवलंस तर त्याच्या बदल्यात काय करायचं ते आपण सांगायचं असतं."

"तू ते शेवटी सांगितलं होतंस," मार्तंड म्हणाला. "तोवर माझं पहिलं लिहून झालं नव्हतं."

बांगड्या भरायचा दिवस आला. मार्तंडानं शेवंता कासारणीच्या नावावर एकदाच बोट ठेवलं. एकदाच. त्यानं ते वैजूला शपथेवर सांगितलं.

सकाळी शेवंता आली. तिच्या मागं तिची जाऊ, दोन नणंदा, भाची, आणि माहेरच्या दोघी. सातजणी, सात पेट्या.

"सात निरोप आले," शेवंता म्हणाली. "म्हटलं, सात घरच्या बायका भरायच्या असतील. एकटीच्या हातून काय होणार, म्हणून आणल्या."

आळीतल्या बायकांची चंगळ झाली. घरी रुसून बसलेल्याही आल्या. एका म्हशीच्या शिंगालाही कुणी तरी हिरवा चुडा चढवून गेलं. ते कुणी केलं हे शेवटपर्यंत कळलं नाही, म्हशीनंही काढू दिला नाही.

वैजूनं पान उघडून आतला कोड वाचला. वाचता वाचता तिनं कपाळाला हात लावला.

"दादा, तू हे पान उघडलंस की दरवेळी बटणाला नवा कान लावतोयस. जुना तसाच राहतो. सात वेळा उघडलंस, सात कान झाले. एका बोटाला सातही कान उठतात."

"मला वाटलं, कान जास्त असले की ऐकू चांगलं येतं."

"एक पुरे. एकच कान ठेव, बाकीचे काढून टाक."

मार्तंडानं लिहिलं, 'एकच कान ठेवायचा.' पानावरचे जादाचे कान काढले. मग थोडा विचार करून देवघरात गेला, वातींचा कापूस घेतला, त्याचा बोळा केला, आणि आपल्या डाव्या कानात घट्ट बसवला.

दुपारी अनसूयाबाई सवाष्णींची पानं वाढत होत्या. चुलीवर खिरीचं दहा शेर दूध होतं. त्यांनी हाक मारली, "मार्तंडा, दूध बघ."

मार्तंड पातेल्याशेजारीच बसला होता. बाई डाव्या बाजूला होत्या.

"मार्तंडा, दूध वर आलं."

मार्तंड उजवीकडं बघून डोलत होता. तिकडं बायका ओव्या म्हणत होत्या.

दूध चुलीत गेलं, चूल विझली, धूर झाला. तो धूर मात्र मार्तंडाला दोन्ही नाकपुड्यांनी कळला. बाईंनी त्याच्या कानातला बोळा ओढून काढला, त्याची वात वळली आणि देवापुढं लावली.

"तुझ्यावर रागवावं तर तू सांगितलेलंच करतोस," त्या म्हणाल्या. "हे बघ. दूध गेलं, जाऊ दे. हळदीचं झालं ते झालं. पण माझ्या भावाचं आवतण चुकवू नकोस. तेवढं एक नीट कर."

"चूलबंद," मार्तंड म्हणाला.

"चूलबंद."

लग्न उद्यावर आलं. सकाळी सकाळीच वैजूच्या दोन्ही हातांवर मेंदी काढली होती, बोटांच्या टोकांपर्यंत. तिला फोनला हात लावता येईना. मार्तंड समोर बसला.

"दादा, नीट ऐक," ती म्हणाली. "आपण सगळ्या माणसांच्या चौकटींत निरोप थांबवायची ओळ टाकलीय. ती तशीच राहिली तर मामाचा निरोप मामापाशीच थांबेल. म्हणजे पुन्हा एकट्यालाच आवतण. पुन्हा घरटी एक. कळतंय?"

मार्तंडाला कळलं.

"म्हणून मामाला थांबवू नकोस. तो निरोप घरापर्यंत जाऊ दे. आणि घराच्या चौकटीत—"

"वैजू," आतून मावशीनं हाक मारली, "हळद लावायला चल. बायका खोळंबल्यात."

"आले. दादा, समजलं ना? मामाला थांबवायचं नाही."

"समजलं."

वैजू हात वर धरून आत गेली. मार्तंडानं वही काढली. 'निरोप तिथल्या तिथं थांबवायचा' या ओळीवर काट मारली. मग तो पान उघडून बसला. मामाच्या चौकटीतली ओळ काढली. शेजारी मामाच्या पुतण्याची चौकट होती. मामाला थांबवायचं नाही, मग पुतण्यानं काय घोडं मारलंय, असं त्याच्या मनात आलं. त्याचीही काढली. मग आळीतल्यांची काढली. मग त्या गावाची, मग या गावाची. संध्याकाळ व्हायच्या आत पानावर अशी एकही चौकट उरली नाही, की जिथं निरोप थांबेल.

मग त्यानं मजकूर लिहिला. त्यात तो कसली कसर ठेवणार नव्हता. 'उद्या लग्नाचे चूलबंद आवतण. कोणीही चूल पेटवू नये. घरातल्या सर्वांनी जेवायला यावे.' आणि हिंदुरावांच्या नावावर, देवाला हात लावावा तसं, हळूच बोट ठेवलं.

निरोप मामांना गेला. मामांकडून घराला गेला. घरातून आळीला, आळीतून गावाला, आणि गावातून सबंध पानाला. निरोप कुठं अडू नये म्हणून त्यानं त्याच दुपारी सबंध पानालाही एक कान लावला होता, त्यात दोन्ही गावं होती.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता नदीवरून ट्रॅक्टर यायला लागले. ट्रॅक्टरमागं टेम्पो, टेम्पोमागं बैलगाड्या. पहिल्या ट्रॅक्टरवर, गुलाबी फेटा बांधून, हिंदुराव बसले होते. ते मांडवाच्या दारात उतरले. अनसूयाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"अनसे," हिंदुराव म्हणाले, "घरटी एक म्हणून मी रुसलो होतो. आणि तू आख्खं गाव बोलावलंस."

बाईंना काही उमगलं नाही.

"आमच्या वेशीच्या आत आज एकही चूल पेटलेली नाही," हिंदुराव म्हणाले. "पोरांना दूधसुद्धा गार पाजलंय. तुझ्या आवतणाचा मान आहे हा."

बाईंना अजूनही काही उमगलं नाही, आणि उमगून घ्यावं असं त्यांना वाटलंही नाही. भाऊ दारात होता. त्यांनी त्याला ओवाळलं.

वैजू आतल्या खिडकीतून बघत होती. माणसं येतच होती. तिनं मार्तंडाला खिडकीशी बोलावलं.

"दादा, थांबवायची ओळ कुणाकुणाची काढलीस?"

"सगळ्यांची. दुजाभाव नको."

वैजूनं डोळे मिटले, उघडले. "चारशे पानांचा स्वयंपाक सांगितलाय. पोपट आचारी आला का?"

"आला."

"कधी?"

"सकाळीच. मांडवात आहे."

वैजूला जरा धीर आला. तेवढ्यात गुरुजींनी मुलीच्या मामांना हाक मारली, हिंदुराव आत आले, वैजूच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, आणि मग तिलाही दुसरं काही विचारायचं सुचलं नाही. मामांनी तिला धरून बोहल्यावर आणलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. लव्हाजीनं नेहमीचं वाजवलं.

वैजू आणि जावई होमाला बसले, त्यांच्या पदराला गाठ पडली, आणि इकडं लोक जेवायला बसले. मांडवात मावेनात म्हणून रस्त्यावर बसले, रस्त्यावर मावेनात म्हणून शाळेच्या पटांगणात. पत्रावळ्या ज्यानं त्यानं मांडून घेतल्या. कुणी तरी मीठ वाढत गेलं. तेराशे पत्रावळ्यांवर तेराशे चिमटी मीठ पडलं, आणि त्यानंतर काहीच आलं नाही.

अनसूयाबाई पंगतीच्या कडेनं निघाल्या. भटारखाना शाळेमागं होता. तिथं पाच भट्ट्या गार पडल्या होत्या, तांदळाची पोती शिवलेलीच होती, आणि डाळीच्या पातेल्यात एक मांजर झोपलं होतं. बाई धावतच मांडवात परतल्या. पहिल्याच पंगतीत पोपट आचारी बसला होता. अंगात इस्त्रीचा सदरा, शेजारी बायको, चार मुलं, सासू. पलीकडं ओळीनं त्याचे वाढपी.

"पोपटराव, तुम्ही इथं?"

"आवतण आहे ना," पोपट म्हणाला. "चूलबंद."

"अहो, पण स्वयंपाक?"

"कोणीही चूल पेटवू नये, असं लिहिलंय. माझ्या तर घरची एक आणि इथल्या पाच. सहाच्या सहा बंद ठेवल्यात, बाई. शब्द मोडला नाही."

बाईंनी वळून भावाकडं पाहिलं. हिंदुराव मानाच्या पाटावर बसले होते. समोर पत्रावळ, पत्रावळीवर मीठ. ते त्या मिठाकडं बघत होते. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या पंगतीत निदान जेवण तरी होतं.

"मार्तंडा," बाई म्हणाल्या. त्या भावाकडंच निघाल्या होत्या. "आचाऱ्याला सांग, चूल पेटवा म्हणावं. आत्ताच्या आत्ता."

पोपट मार्तंडापासून दोन हातांवर बसला होता. पण निरोप कसा धाडायचा हे मार्तंडाला आता चांगलं माहीत होतं. त्यानं फोन काढला, मजकूर लिहिला, 'चूल पेटवा', आणि पोपटच्या नावावर बोट ठेवलं. एकदाच.

पंगतीच्या एका टोकाला फोन वाजला. मग शेजारचा वाजला. मग ओळच्या ओळ वाजत गेली, रस्त्यावर वाजली, पटांगणात वाजली. तेराशे माणसांनी खिशात हात घातला.

"काय लिहिलंय?" चष्मा विसरलेल्या एकानं विचारलं.

"चूल पेटवा."

"म्हणजे घरी जाऊन?"

"आपली चूल दुसरीकडं कुठं असते?"

"काल बंद म्हणाले, आज पेटवा म्हणतात."

"आवतण मागं घेतलं असेल. असेल काही अडचण. विचारायचं नसतं."

माणसं उठली. कुणी तक्रार केली नाही. पत्रावळीवरचं मीठ कुणी टाकलं नाही, पुडीत बांधून घेतलं. ट्रॅक्टर सुरू झाले, टेम्पो सुरू झाले, बैल जुंपले. गेलं, सगळं गाव गेलं, आणि त्याच्या मागं दुसरंही गाव गेलं. पाव तासानं मांडवात पत्रावळ्या तेवढ्या राहिल्या, त्या वाऱ्यानं एकमेकींवर चढत होत्या. व्याही कुठल्या बाजूला उठून जावं हे न कळल्यामुळं बसून राहिले होते.

हिंदुरावांचा फोन जुना होता, बटणांचा. तो सगळ्यांत शेवटी वाजला. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, आणि एकेक अक्षर वाचलं. मग ते पाटावरून उठले.

अनसूयाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या.

"चाललास, अण्णा?"

हिंदुराव फेटा उतरवत होते. तो त्यांनी नीट घडी करून पाटावर ठेवला, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"चूल पेटवा असं लिहिलंय," ते म्हणाले. "कुठली ते लिहिलेलं नाही. तुझ्या घरात काडेपेटी आता कुठं असते?"

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "कोनाड्यात," त्या म्हणाल्या. "जिथं होती तिथंच."

हिंदुराव स्वयंपाकघरात गेले. लाकडं ओली होती. त्यांनी फुंकणी घेतली आणि ते गाल फुगवून फुंकत बसले. बाईंनी पिठाचा डबा उघडला. होम आटोपून वैजू आणि जावई आले, तेही पाटावर बसले. भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. चूल पेटली, पिठल्याचं पातेलं वर चढलं. बहीणभाऊ, दोघांचेही डोळे वाहत होते. धूर फार झाला होता.

"अनसे," हिंदुराव पातेल्यात बघत म्हणाले, "मीठ किती टाकू? मला काही अंदाज नाही. आचाऱ्याला तरी बोलाव."

बाईंनी दारातून हाक मारली. मार्तंड वही घेऊन पायरीवर बसला होता.

"मार्तंडा, पोपट कुठाय?"

"घरी गेला, काकू."

"घरी? कशाला?"

"चूल पेटवायला."

बाई पायरीवर आल्या. "आणि तो निरोप तू धाडला होतास कुणाला?"

"त्यालाच," मार्तंड म्हणाला. "बरोबर पोचला."